छत सोडून सगळ्याचा विमा

मी एक जुनी काळी बाहुली आहे. टेम्पोमागं, ट्रकमागं, नव्या बंगल्याच्या गच्चीवर वाकडं तोंड करून लटकत असते ना, तीच. तुम्ही मला पाहिलंही असेल आणि लगेच तोंड फिरवलंही असेल. मित्रांनो, त्याचा मला राग नाही. माझं कामच ते आहे. लोकांची वाईट नजर आधी माझ्यावर पडावी, तिथंच तिचं पाणी व्हावं आणि मालकाच्या गाडीपर्यंत ती पोचू नये, एवढ्यासाठी मला घडवलं. थोडक्यात सांगायचं तर मी विमा आहे. हप्ता नाही, फॉर्म नाही, सही नाही. एक खिळा आणि हातभर सुतळी एवढ्या पगारावर मी नोकरी केली.

माझा जन्म नाशकात रविवार कारंजाजवळ, गोजराबाईच्या मांडीवर झाला. गोजराबाई शनिवारी लिंबू-मिरच्या विकायची आणि मधल्या वेळात आम्हा बहिणींना शिवायची. जुन्या काळ्या परकराचं अंग, पोटात चिंध्या, डोळ्यांना पांढरा दोरा, ओठांना लाल. गळ्यात एक बिब्बा बांधला आणि मला हातात धरून ती म्हणाली, "ही जरा जास्तच वाकडी झाली. चालंल. वाकडी तितकी कामाची." जन्मल्या जन्मल्या अशी स्तुती कुणाच्या वाट्याला येते सांगा.

ते साल होतं एकोणीसशे ब्याण्णव. मखमलाबादच्या भिमाजींनी नवा टेम्पो घेतला होता. त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. पहाटे कोथिंबीर, मेथी, झेंडू भरून मार्केट यार्डात जायचं, असा धंदा. टेम्पो भिमाजींनी पारखून घेतला आणि मला सखुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. चार बाहुल्या उलट्यापालट्या करून त्यांनी मला उचललं. "हिच्याकडं बघून मलाच भ्या वाटलं," म्हणाल्या. "हीच द्या."

टेम्पोची पूजा झाली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला आणि मला मागच्या फाळक्याला बांधलं. तेवढ्यात विम्याचे एजंट यादव आले. त्यांनी कागद पुढं केला आणि सांगितलं की ह्या विम्यात तुमच्या टेम्पोनं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर दुसऱ्याला भरपाई मिळते.

"आन माझ्या टेम्पोचं नुकसान झालं तर?"

"ते ह्यात नाही. ते वेगळं."

भिमाजींनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजे हप्ता मी भरायचा आन भलं समोरच्याचं व्हायचं. हा विमा हाय का दानधर्म?"

"कायदा आहे, भिमाजी. एवढा तरी काढावाच लागतो."

"काढतो. पण माझ्या टेम्पोचं काय ते ही बघंल," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या दिवसापासून समोरच्याचा विमा सरकारी आणि मागचा विमा मी, अशी वाटणी झाली.

आता मी काय काय केलं ते सांगते. खोटं वाटलं तर वाटू द्या. चांदवडच्या घाटात ब्रेक निकामी झाला, तेव्हा मी दोन्ही हातांनी रस्त्याकडेचं बाभळीचं झाड धरलं आणि टेम्पो थांबवला. भिमाजी म्हणतात की त्यांनी गिअर टाकला म्हणून थांबला. टाकला असेल. मनमाडला फाटकात टेम्पो बंद पडला आणि लांबून आगगाडी येताना दिसली. मी फक्त डोळे वटारले, गाडी जागच्या जागी उभी. लोक म्हणतात सिग्नल लाल होता. अहो, पण सिग्नलला लाल केलं कुणी? कळवणच्या रस्त्यावर तर एका ट्रकवाल्यानं आमच्या झेंडूकडं अशी काही नजर टाकली, की ती माझ्यावर आदळून परत फिरली आणि त्याच्याच ट्रकमधल्या कांद्यांना जागेवर कोंब फुटले.

बारा-तेरा वर्षं मी अशी राबले. मग टेम्पो विकला. भिमाजींचा मुलगा दीपक कारभार बघायला लागला. त्यानं बंद दाराची नवी गाडी घेतली आणि तिचा सगळा विमा काढला, आपला आणि समोरच्याचाही. मला बांधायला सखुबाई पुढं झाल्या, तर तो म्हणाला, "आई, आता कागद आहे ना. बाहुली कशाला? लोक हसतात."

मला खताच्या खोलीत एका खिळ्याला टांगलं. तिथं गाडी नाही, रस्ता नाही, नजर लावायला माणूस नाही. उंदरानं माझ्या टाचेतल्या चिंध्या काढून बाळंतपण उरकलं. मित्रांनो, जिनं घाटात टेम्पो धरला तिनं उंदराच्या पिलांना ऊब द्यावी, असे दिवस माझ्यावर आले.

आणि मग फोन आला.

सखुबाईंची लेक साधना लग्न होऊन न्यूझीलंडला गेली होती. जावई वाल्मीक तिथं दुधाच्या कारखान्यात कामाला होते. साधनाला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. ही गोष्ट आपल्याकडं कुणी ठरवत नाही, ती ठरलेलीच असते. पण डॉक्टरांनी साधनाला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. फोनवर ती रडायला लागली.

"रडू नको," सखुबाई म्हणाल्या. "तुला माहेरी येता येत नाय ना? मंग मी माहेर घेऊन येते. पण एक कर, माहेर पोचायच्या आधी बाळंत होऊ नको."

"आई, ते माझ्या हातात आहे का?"

"हातात नसंल तरी जीव धरून बस."

झालं. त्या दिवसापासून सखुबाईंना एकच घोर लागला. आपण वेळेत पोचलो नाही तर लेकीचं पहिलं बाळंतपण परक्या मुलखात, आईविना होणार. सामान भरताना त्यांनी डिंकाचे लाडू घेतले, दुपटी घेतली, शेगडी घेतली. बाज विमानात मावते का, म्हणून दीपकला विचारलं. तो नाही म्हणाला. पाट्या-वरवंट्याचं विचारलं. त्यालाही नाही म्हणाला. तेव्हा त्या तणतणत खताच्या खोलीत आल्या, मला खिळ्यावरून काढलं, झटकलं, टाचेला टाका घातला आणि दीपकचं लक्ष नसताना दुपट्यांच्या मधोमध ठेवलं.

अशी मी सखुबाई, भिमाजी आणि दीपक ह्या तिघांबरोबर विमानात बसले. विमान वाटेत हललं होतं, तेव्हा आतून मीच धरून ठेवलं होतं. असो, ते कुणाला माहीत नाही.

ऑकलंडला उतरलो तर तिथं सामानाची तपासणी. त्या देशात बी-बियाणं, झाडपाला, माती काही आत येऊ देत नाहीत. एक कुत्रा वास घेत आला, माझ्याजवळ थांबला आणि मला बघून साहेबाच्या पायामागं जाऊन बसला. साहेबानं मला बाहेर काढून उजेडात धरलं.

"हे काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

दीपकला घाम फुटला. शेवटी तो म्हणाला, "विमा."

साहेबानं बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग कात्री आणून माझ्या गळ्यातला बिब्बा कापला, डब्यात टाकला आणि मला परत दिलं. बिब्बा गेला म्हणजे माझी अर्धी ताकद तिथंच सरकारजमा झाली. हे नीट ध्यानात ठेवा. ह्याच्यापुढं जे घडलं, त्याचा बोल मला लावू नका.

साधनाचं गाव तिथून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर होतं. तिथं आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतात, म्हणून दीपकनं नाशकातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता आणि भाड्याची गाडी सांगून ठेवली होती. गाड्यांच्या कंपनीत टेबलामागं टीना नावाची मुलगी होती. तिनं हसून किल्ली पुढं केली आणि मग विचारलं, विमा कोणता घेणार?

"विमा काढलाय की आपण नाशकात," भिमाजी म्हणाले.

"आप्पा, तो आपल्या हातापायांचा. आजारी पडलो, पडलो-झडलो तर दवाखान्याचा खर्च. हा गाडीचा."

"मंग तुझ्या त्या कार्डावर फुकटचा विमा हाय म्हनला व्हता ना बँकेतला पोऱ्या?"

दीपकनं टीनाला विचारलं. ती म्हणाली, काही कार्डांवर असतो, पण कोणत्या देशात चालतो, कोणत्या गाडीला चालतो, ते तुमच्या बँकेलाच विचारा, मी कसं सांगू? आता इथं सकाळ, म्हणजे नाशकात मध्यरात्र. बँकेत वॉचमनशिवाय कोण भेटणार? हे निघायच्या आधी विचारायचं असतं, मित्रांनो. दीपकनं खिशातलं कार्ड परत खिशात ठेवलं.

"काय सांगू ऱ्हायली ती?" सखुबाईंनी विचारलं.

"तीन प्रकार आहेत," दीपक म्हणाला. "पहिला भाड्यातच येतो. गाडीची मोडतोड झाली तर पहिला मोठा वाटा आपण द्यायचा, त्याच्यावरचं कंपनी बघणार. दुसऱ्यात रोज थोडं जास्त भरायचं, आपला वाटा कमी होतो. तिसऱ्यात रोज बरंच जास्त भरायचं, आपला वाटा काहीच नाही."

"म्हंजे नुकसानीची बटाई," भिमाजी म्हणाले. बटाईनं जमीन लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यांना ते चटकन कळलं. "आन मुदत संपल्यावर बोनस किती?"

"आप्पा, ही आयुष्याची पॉलिसी नाही. बोनस नसतो."

"म्हंजे काय झालं नाय तर भरलेलं समदं बुडालं?"

"हो."

"मंग पैसे वसूल करायला काय तरी झालंच पायजेल की."

"अहो, जिभेला काय हाडबीड?" सखुबाई म्हणाल्या. "पोरगी तिकडं वाट बघू ऱ्हायली."

भिमाजींनी बाजारात वांगी निवडावीत तसे तिन्ही प्रकार मनात दाबून पाहिले आणि मधला निवडला. टीना म्हणाली, ह्यात काच आणि टायर येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. रोजचा एक चहा होईल एवढंच जास्त पडेल.

"काच काय, टायर काय, ते गाडीतच आलं," भिमाजी म्हणाले. "घोडा घेतल्यावर नाल येगळी मागतात का? इतकी वर्सं टेम्पो चालवला, काचेला चरा नाय गेला. नको म्हन."

दीपकनं नको म्हटलं. सही झाली. गाडी मिळाली. निळी, छोटी, घासूनपुसून ठेवलेली. टीनानं तिच्याभोवती एक चक्कर मारून दाखवली, कुठं ओरखडा नाही हे दोघांनी मिळून बघितलं. दीपक बसला आणि सखुबाई बाहेरच उभ्या राहिल्या.

"आई, बस ना."

"नारळ वाढवल्याबिगर मी पाय ठेवणार नाय."

"अगं ही आपली गाडी नाही. भाड्याची आहे. आठ दिवसांनी परत द्यायची."

"गाडी त्यांची आसंल. आत बसनारा जीव आपला हाय ना?"

समोर रस्त्यापलीकडं आसपासच्या बेटांवरून आलेल्या माणसांचं एक दुकान होतं, दारात नारळाची रास. दीपक मुकाट्यानं गेला, नारळ आणि लिंबं घेऊन आला. सखुबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. मला मागं बांधणार होत्या, पण नारळ आधी.

नारळ भिमाजींच्या हातात. त्यांनी इकडं तिकडं दगड शोधला. त्या मुलखात दगडसुद्धा जागच्या जागी ठेवलेले. गाडीच्या पुढच्या चाकापाशी एक काळा लांबट ठोकळा जमिनीत बसवलेला दिसला. गाडी पुढं सरकू नये म्हणून असतो तसा. भिमाजींना वाटलं काळा पत्थर आहे, आपल्याकडच्या पायरीसारखा. त्यांनी टोपी सरळ केली, देवाचं नाव घेतलं, हात डोक्यावर नेला आणि नारळ सगळ्या ताकदीनिशी त्या ठोकळ्यावर हाणला.

मित्रांनो, तो ठोकळा रबराचा होता.

नारळ उडाला तो थेट आभाळात. एक विमान त्यानं थोडक्यात चुकवलं. मग खाली आला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर बरोबर मधोमध बसला. काचेला कोळ्याचं जाळं पडलं. नारळ टुणकन खाली उतरला, गडगडत जाऊन कुंपणाला टेकला. त्याला टवकासुद्धा गेला नव्हता.

भिमाजींनी जाऊन नारळ उचलला आणि कानाशी हलवून पाहिला.

"गळ्यातला बिब्बा असता ना," सखुबाई हळूच म्हणाल्या. बघा, त्यांनाही पटलं होतं.

टीना बाहेर आली. तिनं काच पाहिली, लिंबं पाहिली, कुंकू पाहिलं. मग कागद काढून ती दीपकला विचारायला लागली.

"हे कसं झालं?"

"गाडीला काही होऊ नये म्हणून नारळ फोडत होतो."

टीनाचं पेन थांबलं. "गाडी चालू होती?"

"नाही."

"समोरून कोणी येऊन धडकलं?"

"हो. नारळ."

ती बिचारी फार शिकलेली होती, हसली नाही. फक्त तिचे कान लाल झाले. मग तिनं शांतपणे सांगितलं, काच तुमच्या विम्यात नाही, तिचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी भेग असलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. काच उद्या बसेल.

दीपक काहीतरी बोलणार होता, पण भिमाजींनी त्याच्या दंडाला हात लावला. "भांडू नको. तिनं सांगितलं व्हतं. नको मी म्हनलो. वाटा कबूल केला की द्यायचा."

मग आत येऊन दीपकनं टीनाच्या टेबलावरून वाल्मीकला फोन लावला, उद्या येतो म्हणून सांगायला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. साधनाला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं. कळा सुरू झाल्या होत्या. अजून वेळ आहे म्हणतात, पण उद्यापर्यंत नाही.

सखुबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन तिथल्याच एका खुर्चीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत. फक्त डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिल्या. टीनाला मराठी कळत नव्हतं, पण तेवढं कळलं. तिनं विचारलं, कुणी आजारी आहे का? दीपकनं सांगितलं. टीना संगणकाकडं वळली. लांब सुट्ट्यांचे दिवस होते, सगळ्या गाड्या आधीच ठरलेल्या. शेवटी ती म्हणाली, एकच आहे. पण ती माणसांची नाही, सामानाची. लोक घर बदलताना नेतात.

मागच्या अंगणात तो उभा होता. पांढरा, पुढं तिघं बसतील एवढी जागा, मागं मोठी बंद पेटी. टेम्पो. चक्क टेम्पो.

भिमाजींनी त्याच्या चाकाला पायानं ठोकर मारून पाहिलं आणि त्या देशात उतरल्यापासून पहिल्यांदा त्यांची पाठ सरळ झाली. "ह्यो जमंल," ते म्हणाले. "आन तिला सांग, ह्या टायमाला समद्यात मोठा विमा दे. काच, टायर, आरसा, खालचं, वरचं, समदं."

टीनानं मान हलवली. मोठ्यात मोठ्या विम्यात बाकी सगळं येतं, छत येत नाही. उंच गाडी आहे हे लोक विसरतात आणि नेहमीच्या सवयीनं कमानीखाली घुसवतात, म्हणून छताचं नुकसान ज्याचं त्यानं सोसायचं. आणि गाडी फक्त दीपकनं चालवायची, कागदावर त्याचंच नाव आहे. दुसऱ्या कुणी चालवली आणि काही झालं, तर विमा गेला. आणि कच्च्या रस्त्यावर नेली, तरीही विमा गेला.

"कच्च्या रस्त्यावर नाय?" भिमाजी म्हणाले. "म्हंजे आपल्या मळ्याकडं हा विमा पोचनारच नाय."

सखुबाईंनी मला मागच्या दाराच्या कडीला बांधलं, नंबराच्या पाटीपासून लांब, कारण टीनानं तेही बजावलं होतं. नारळाचं नाव कुणी काढलं नाही.

मग आम्ही निघालो. दीपक चालवत होता, मधे सखुबाई, कडेला भिमाजी. भिमाजींना चालवायची मनाई होती, पण पायाला कोण मनाई करणार? दीपकनं ब्रेक दाबायच्या आधी ते आपल्या बाजूच्या पत्र्यावर पाय दाबत होते. आणि डोकं खिडकीबाहेर, डोळे वर.

"फांदी हाय."

"आप्पा, ती पलीकडच्या शेतात आहे."

"वाऱ्यानं हलंल."

डोंगरात वळणावळणाचा रस्ता लागला आणि पुढं एक छोटा बोगदा आला. बाहेर उंचीची पाटी होती. दीपक म्हणाला, आपण आरामात जातो. भिमाजी म्हणाले, थांबव. ते उतरले, बोगद्यात शिरले आणि तोंड आमच्याकडं करून उलटे चालत, हात हलवत ओरडायला लागले, "येऊ दे, येऊ दे, डावीला घे, येऊ दे." जसे मार्केट यार्डात टेम्पो धक्क्याला लावताना ओरडायचे तसे. मी मागं लटकलेली, म्हणून मला मागची गाड्यांची रांग दिसत होती. ती पार खालच्या वळणापर्यंत गेली.

"मागं एवढी रांग आन एक हॉर्न नाय," सखुबाई आरशात बघून म्हणाल्या. "बरी हायेत ना माणसं?"

बरी होती. मला बघून गप्प झाली होती.

बोगदा सरला, छत शाबूत. पुढं एक डोंगर दिसला, टोकावर बर्फ, असा की देवानं भात वाढून मूद पाडली असावी. सखुबाईंनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बाबा, तू हितलाच आसशील. माझ्या लेकीला थोडा वेळ थांबव."

दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या दारापुढं पोर्च होता, गाडी थेट दारापाशी लावायला. वाल्मीक तिथंच उभे होते, दोन्ही हातांनी "आत आणा, आत आणा, लवकर" करत. दीपकनं वेग न मोडता टेम्पो पोर्चकडं वळवला. पोर्चचं छत आणि टेम्पोचं छत एकमेकांकडं बघत होते.

"थांबव," सखुबाई म्हणाल्या.

"आई, दारात सोडतो. इथून चढ आहे, पायऱ्या आहेत. तुझे गुडघे—"

"माझ्या गुडघ्यांचा विमा हाय, नाशकात काढलेला. छताचा नाय. थांबव."

ब्रेक लागला. टेम्पो पोर्चच्या कडेपासून वीतभर अलीकडं उभा राहिला. ती वीत मी मागून ओढून धरली होती, पण आज त्यावरून वाद घालत नाही. सखुबाई भिमाजींच्या मांडीवरून ओलांडून खाली उतरल्या, नऊवारीचा काष्टा आवळला, डबा काखेत मारला आणि तो चढ चढून गेल्या. जी बाई मळ्यातून घरापर्यंत तीनदा बसायची, ती त्या पायऱ्यांवर एकदाही थांबली नाही. वाल्मीक मागं राहिले.

आत काय झालं ते मी बघितलं नाही, पण मी सांगते तसंच झालं. साधना पलंगाची दांडी धरून पडली होती. दार उघडल्याचा आवाज आला आणि तिनं मान वळवली.

"आई, किती उशीर केलास."

"काच फुटली."

"कुणाला लागलं का?"

"तुझ्या बापाच्या तोऱ्याला लागलं जरासं," सखुबाई म्हणाल्या आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "आता खुशाल ओरड. माहेर आलं."

आणि साधना अशी ओरडली म्हणता, की बर्फाच्या डोंगरावरून एक कडा खाली आला. त्यानंतर थोड्याच वेळात दुसरं रडणं ऐकू आलं, बारीक, चिडकं. मुलगी झाली. आरोही. बाहेर भिमाजी टेम्पोच्या पायरीवर बसले होते. ते उठले, टोपी काढून तोंड पुसलं आणि पोर्चच्या छताला हात जोडून नमस्कार केला. छताला का, ते त्यांचं त्यांना माहीत.

टेम्पो परत दिला तेव्हा त्यावर ओरखडा नव्हता. मला सोडवून साधनाच्या घरी आणलं. सखुबाई साधनाकडं पावसाळाभर राहिल्या, शेक-शेगडी, लाडू, तेल-मालीश, सगळं माहेर त्यांनी त्या दोन खोल्यांत थाटलं. मग निघायचा दिवस आला. सामान भरताना साधना दुपट्याची घडी घालत होती आणि घडी काही जमत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तू गेलीस की माहेरही जाणार ना."

सखुबाईंनी तिच्या हातातलं दुपटं घेऊन बाजूला ठेवलं. बॅगेतून मला काढलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून माझ्या गळ्यात बांधली, जिथं आधी बिब्बा असायचा तिथं. मग मागच्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकला.

"आई, घरमालक काय म्हणेल?" वाल्मीकांनी विचारलं.

"त्याला सांगा, विमा हाय. ह्यात छत बी येतं."

तेव्हापासून मी इथंच आहे, मित्रांनो. नाशिकचं ऊन मला आठवतं, मार्केट यार्डाचा ओला वास आठवतो, टेम्पोच्या धुराचीसुद्धा आठवण येते. पण हा खिळा मानाचा आहे. तुम्हाला एवढंच सांगते. कधी परदेशात गाडी भाड्यानं घेतलीत, तर किल्ली हातात घ्यायच्या आधी विचारा. काच कुणाची, टायर कुणाचं, छत कुणाचं, आणि चालवणार कोण? कार्डावरचा विमा घरून निघतानाच विचारून घ्या. विचारायला लाजू नका, टीना हसत नाही. आणि नारळ वाढवायचा असेल, तर आधी दगडाला हात लावून बघा.

आणि तुमच्या गाडीमागं, घरामागं माझी एखादी बहीण लटकत असेल, तर तिच्याकडंही कधी बघा. पावसात भिजली तर पिळून वाळत घाला. टाच उसवली तर टाका घाला. दुसऱ्याच्या वाट्याची नजर खाण्यात तिचा जन्म जातो, तिला स्वतःचा विमा कुणी काढत नाही.

माझं तसं नाही. आरोहीला निजवून झालं की एखाद्या संध्याकाळी साधना मागच्या दारात येते, माझी सुतळी सोडते आणि पुन्हा घट्ट बांधते. मग लुगड्याचा काठ नीट करता करता तिथंच थोडी उभी राहते. सुतळी सैल झालेलीच नसते. पण ते मी तिला सांगत नाही.